पेट्रोलवर मिसिंग, सीएनजीवर गुळगुळीत: इंजेक्टरच दोषी हे पक्कं कसं करायचं?

सुदामानगरकर
गाडी १२०० सीसी, चार सिलिंडर पेट्रोल, कंपनीकडूनच बसून आलेला सीएनजी किट, २०१७चं मॉडेल, ८४,००० किमी. सकाळी थंड इंजिन पेट्रोलवर सुरू होतं तेव्हा पहिली दीड-दोन मिनिटं मिसिंग मारते आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. सीएनजीवर गेली की काही झालंच नाही अशी चालते. स्कॅनरवर दोन कोड आहेत, पी०३०२ (दोन नंबर सिलिंडर मिस) आणि पी०१७१ (हवेच्या मानाने इंधन कमी). एका वर्कशॉपचं म्हणणं पेट्रोल फवारणारे चारही इंजेक्टर बदला, दुसऱ्या मिस्त्रीचं म्हणणं ठिणगीची कॉइल. मोजलं दोघांनीही काही नाही.

प्रश्न असा, की इंजेक्टर बाहेर काढण्याआधी गाडीवरच काय काय तपासता येतं, ज्यावरून इंजेक्टर दोषी की निर्दोष ते ठरेल? मल्टिमीटर, ब्लूटूथचा स्कॅनर आणि पान्यांचा सेट घरी आहे. इंदुरातल्या आणि बाहेरच्याही जाणकारांनी लिहावं.

दहाचा_पाना
तपासणीचं सगळ्यात भारी यंत्र तुमच्या डॅशबोर्डवर आधीच आहे: सीएनजीचं बटण. सिलिंडर तोच, प्लग तोच, कॉइल तीच, व्हॉल्व्ह तेच. बदलतो तो फक्त इंधनाचा रस्ता. पेट्रोलवर मिस आणि सीएनजीवर नाही, म्हणजे दोष पेट्रोलच्या रस्त्यात: टाकीतला पंप, फिल्टर, रेल (चारही इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी), इंजेक्टर नाहीतर त्याची वायर. याच्या उलट असतं तर आधी प्लग-कॉइलकडे बघितलं असतं, कारण सीएनजी पेटवायला ठिणगीचं व्होल्टेज जास्त लागतं आणि थकलेली कॉइल तिथेच आधी उघडी पडते. कॉइलवाल्या भियाला एवढंच विचारा की कॉइल गेलीय तर ती सीएनजीवर गप्प का बसते.

राऊची_हवा
कॉइल शाकाहारी असेल. पेट्रोल चालत नसेल तिला.

मीटरबाई
दहाचा_पाना, तर्क बरोबर आहे पण तुलना चुकते आहे. या गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि पाणी ठरावीक तापलं की मगच सीएनजीवर जातात. म्हणजे आपण थंड पेट्रोल आणि गरम सीएनजी यांची तुलना करतोय. थंड असताना ओला होणारा प्लग, बारीक तडा गेलेलं प्लगचं चिनीमातीचं अंग, सील धरायला वेळ लावणारा व्हॉल्व्ह, यातलं काहीही गरम झाल्यावर आपोआप गप्प होऊ शकतं.

तेव्हा आधी इंजिन पूर्ण गरम करा, सीएनजीवर पाच मिनिटं उभी गाडी चालवा, मग बटण दाबून पेट्रोलवर आणा आणि पुन्हा पाच मिनिटं बघा. त्याच वेळी स्कॅनरवर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंजिनचा संगणक इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) लिहून घ्या: एकदा आयडलला, एकदा २५०० आरपीएमवर. एसी बंद ठेवा. पेट्रोलचे आकडे वेगळे, सीएनजीचे वेगळे. दोन्ही मिसळून कोणी दाखवले तर ते फेकून द्या.

अजून एक बारकावा. इंजेक्टर बुजला असेल तर सीएनजीवर त्याचा त्रास दिसणार नाही. पण इंजेक्टर गळका असेल आणि सीएनजीवरही पेट्रोल पंप चालू ठेवणारा किट असेल तर रेलमध्ये दाब असतो, आणि ते गळणं सीएनजीवरसुद्धा चालूच राहतं. म्हणून 'सीएनजीवर ठीक म्हणजे सगळं ठीक' असं नाही.

दहाचा_पाना
मान्य. गरम-गरम तुलना हवी. बाकी ताई, सील धरायला वेळ लावणारा व्हॉल्व्ह म्हणालात ते सीएनजीच्या गाड्यांत खरंच बघावं. गॅसवर व्हॉल्व्हची बैठक झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. पण त्यात बहुतेकदा उलटं होतं: गरम झाल्यावर फट संपते आणि आयडलला मिस मारते, दोन्ही इंधनांवर.

सुदामानगरकर
मीटरबाई, सांगितलं तसं केलं. पूर्ण गरम इंजिन, सीएनजीवर काहीच नाही. पेट्रोलवर आणल्यावर आयडलला स्टिअरिंगवर हलकी थरथर जाणवते, चालवताना कळत नाही. पेट्रोलवर लाँग टर्म ट्रिम आयडलला +९, २५०० वर +११. शॉर्ट टर्म शून्याच्या आसपास वरखाली होतो.

मीटरबाई
हे आकडे बोलके आहेत.

इनटेकमध्ये हवा चोरून शिरत असती तर आयडलला ट्रिम खूप वर आणि २५०० वर जवळपास शून्याकडे आला असता, कारण रेस दिल्यावर त्या चोरट्या हवेचं प्रमाण एकूण हवेत नगण्य होतं. तुमच्याकडे रेस दिल्यावरही तो तसाच आहे, उलट थोडा वाढलाय. म्हणजे हवा जास्त नाही, इंधन कमी आहे.

आता +११ पैकी किती इंजेक्टरच्या माथी मारायचं? तुमची गाडी ई२०च्या (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या) आधीची. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते: शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा, इथेनॉलला ९. ई२० मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे ई१० वर बसवलेल्या गाडीत ई२० टाकलं की ईसीएमला (इंजिनच्या संगणकाला) सुमारे ४ टक्के जास्त इंधन सोडावंच लागतं. तेवढं वजा करा. उरले ५ ते ७.

आता खरा खेळ. ऑक्सिजन सेन्सर एकच, तो चारही सिलिंडरचा धूर एकत्र मोजतो. समजा फक्त दोन नंबरचा इंजेक्टर कमी सोडतोय आणि बाकी तीन बरोबर आहेत. एक जण २० टक्के कमी देत असेल तर सरासरी ५ टक्क्यांनी पडते, आणि ईसीएम चौघांनाही ५ टक्के वाढवून देतो. दोन नंबर तरीही १६ टक्के उपाशी, बाकी तिघं ५ टक्के अजीर्ण झालेले. पी०१७१ आणि पी०३०२ एकत्र येण्याचा हाच अर्थ लागतो. तुमच्या आकड्यांवरून माझा अंदाज: दोन नंबर इतरांपेक्षा वीस ते पंचवीस टक्के कमी सोडतोय. चूक निघाली तर पोहे माझ्याकडून.

पुणे३०
ई२० मुळेच सगळ्यांचे इंजेक्टर जातायत असं सरळ का म्हणत नाही?

मीटरबाई
कारण तसं असतं तर एकट्या दोन नंबरने काय पाप केलं? चौघंही तेच पेट्रोल पितात. ई२० विकायला फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरुवात झाली. त्याआधीच्या गाड्यांत रबरी सील-नळ्यांची काळजी आणि थोडं कमी एव्हरेज हे मुद्दे आहेत, ते नाकारत नाही. इथेनॉल टाकीत बसलेला जुना चिकट थर सोडवतं आणि तो पुढे फिल्टरकडे जातो, हेही खरं. पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं तर इथेनॉल ते ओढून घेतं आणि प्रमाण वाढलं की थर वेगळा होऊन तळाशी बसतो, मग पंप नेमकं तेच आधी उचलतो. पण त्या वेळी सगळे सिलिंडर बोंबलतात, एक नाही.

बेंचवाला
चर्चा छान चाललीय, पण मंडळी अजून वायरिंगकडे कोणी बघितलं नाही. इंजेक्टर काढण्याआधी हे करा.

कान लावा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरच्या अंगावर, मूठ कानाच्या हाडाला. चौघांचीही टिकटिक सारखी हवी. एखादा मुका किंवा दबका वाजला तर पकडा. फक्त पट्टा-पंख्यापासून बाह्या आणि केस दूर. टिकटिक आहे म्हणजे सुई हलते एवढंच कळतं, पेट्रोल किती येतं ते नाही.

मग इंजिन थंड असताना कपलर (इंजेक्टरला वायर जोडणारं सॉकेट) काढून इंजेक्टरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. तुमच्यासारख्या पोर्ट इंजेक्शनच्या (इनटेकच्या वाटेत पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत साधारण ११ ते १६ ओहम येतं. आकड्यापेक्षा चौघांतला फरक बघा, अर्ध्या ओहमच्या आत असावा. गरम इंजिनवर मोजलं तर घाबरू नका: तांब्याचा विरोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, २० अंशाला १२.५ दाखवणारा इंजेक्टर ८० अंशाला साडेपंधराच्या आसपास दाखवतो. गरम झाल्यावर एकदम अनंत दाखवला तर आत वेटोळं तुटलंय. थंडीत मिस आणि गरमात ठीक अशा तक्रारीत मात्र ते कारण नसतं.

कपलरमध्ये की ऑन केल्यावर एका पिनला बॅटरीइतकं व्होल्टेज मिळालं पाहिजे. दुसरी पिन ईसीएम जमिनीला जोडतो-सोडतो. तो जोडतोय की नाही हे बघायला एलईडीचा टेस्टर लावा, इंजिन फिरताना लुकलुकला पाहिजे. हेडलाइटचा बल्ब लावून बघणारे महाभाग आहेत, त्यांनी ईसीएमचा ड्रायव्हर जाळला की मग इंजेक्टरपेक्षा मोठं बिल येतं.

शेवटचं, दोन नंबरचा कपलर हलवून बघा. हिरवट झालेली पिन, सैल झालेलं टर्मिनल, किंवा मूषकराजांनी कुरतडलेली वायर. पावसाळ्यात हे तिसरं कारण पहिल्या नंबरावर असतं.

राऊची_हवा
मूषकराज गणपतीत सुटीवर असतात का?

बेंचवाला
नाही, ओव्हरटाइम. मोदक घरात, झोप बॉनेटमध्ये.

महूकडचा
पी०२०२ आला नाही म्हणजे वायरिंग ठीक, असं नाही का धरायचं? इंजेक्टर सर्किटचे कोड पी०२०१ ते पी०२०४ असतात ना.

बेंचवाला
तार पूर्ण तुटली किंवा शॉर्ट झाली तर कोड येतो. पिन गंजून दोन-तीन ओहमचा अडथळा वाढला तर बहुतेक ईसीएमना पत्ता लागत नाही. करंट कमी मिळतो, सुई उशिरा उचलते आणि तेवढं पेट्रोल कमी पडतं. आयडलला इंजेक्टर २ ते ४ मिलिसेकंदच उघडा असतो. त्यातला अर्धा मिलिसेकंद गेला तरी ती मोठी चोरी झाली.

ऑसिलोस्कोप असेल तर हे डोळ्यांनी दिसतं. इंजेक्टर बंद होताना ६०-८० व्होल्टचा सुळका येतो आणि तो उतरताना एक छोटा उंचवटा दिसतो. तो सुई बसल्याचा. उंचवटा नसेल तर सुई अडकल्याचा संशय घ्या.

दहाचा_पाना
माझ्या मते एवढं सगळं करण्यापेक्षा अदलाबदल करा, एका तासात निकाल. दोन नंबरचा इंजेक्टर चारमध्ये, चारचा दोनमध्ये. कोड पुसा, सकाळी थंडीत सुरू करा. पी०३०४ आला तर इंजेक्टर दोषी. पी०३०२ च राहिला तर इंजेक्टर निर्दोष, दोष त्या सिलिंडरात किंवा त्या वायरीत.

बेंचवाला
तासात निकाल, पण तिसरी शक्यता विसरलात: कोणताच कोड येत नाही. असं झालं की लोक म्हणतात, बघा, हलवल्याने इंजेक्टर साफ झाला. खरं तर कपलर काढून पुन्हा दाबून बसवल्याने सैल पिन जागेवर आलेली असते, आणि महिन्याभरात दुखणं परत येतं. म्हणून आधी नुसते कपलर काढून-बसवून दोन सकाळी बघा, मग रेल उघडा.

दुसरं, रेल एकदा उचलली की ओ-रिंग नवीन हव्यात. वर्षानुवर्षं गरम होऊन चपट्या झालेल्या रिंगा पुन्हा दाबल्या तर वरून पेट्रोल झिरपतं आणि खालून हवा शिरते. मग एका दुखण्याची दोन होतात.

दहाचा_पाना
ओ-रिंग घ्याच, मीही तेच म्हणतो. पण रिंगेला ग्रीस लावू नका. स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवा, सरळ आत ढकला, पिळू नका.

जुन्या_पंपाचा
ऐंशी-नव्वदच्या काळात एकेका सिलिंडरचा प्लग काढून बघायचे, आरपीएम पडला नाही तो सिलिंडर मेला. आता का नाही करत तसं?

मीटरबाई
करतात, पण दोन गोष्टी बदलल्या आहेत काका. प्लग किंवा कॉइल काढली तर तिथलं पेट्रोल न जळता सायलेन्सरकडे जातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) लाल होऊन वितळतो. दिवा स्थिर न राहता लुकलुकतो तो याच भीतीने, तशी गाडी हायवेला हाणायची नसते. म्हणून काढायचा तो इंजेक्टरचा कपलर. कॉइल जागेवर राहू द्यायची.

दुसरं, आजकालची थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक. एक सिलिंडर बंद केला की ईसीएम लगेच थोडी हवा वाढवून आयडल सावरतो आणि आरपीएम पडल्याचं नीट दिसतच नाही. १५०० वर स्थिर धरा आणि स्कॅनरमधून एकेक सिलिंडर बंद करण्याची चाचणी असेल तर ती वापरा.

शेवपुराण
मला एक मूलभूत शंका आहे. गरम इंजिनवर त्रास नगण्य आणि थंडीत एवढा गोंधळ, असं का? भोक बुजलं असेल तर गरमातही तेवढंच बुजलेलं असणार ना?

बेंचवाला
तुमच्याच नावाने सांगतो. शेवेचा सोऱ्या आठवा. जाळीची निम्मी भोकं सुकलेल्या पिठाने बुजली तर शेव कमी पडते, शिवाय वाकडी आणि जाडजूड पडते. कढई कडकडीत तापलेली असेल तर जाड शेवही तळून निघते. तेल कोमट असेल तर आतून कच्ची.

इंजेक्टरच्या तोंडाची भोकं केसापेक्षा थोडी मोठी असतात आणि एका तोंडाला चारपासून बारापर्यंत. त्यावर वार्निशसारखा थर बसला की फवाऱ्याची धार होते. गरम इंजिनात ती धार तापलेल्या इनटेक व्हॉल्व्हवर पडून वाफ होते आणि काम भागतं. थंडीत तीच धार भिंतीवर ओघळते, वाफ होत नाही, आणि पेटवण्याजोगं मिश्रण प्लगपाशी पोचतच नाही. म्हणून थंडीतला त्रास हा फवारा बिघडल्याचा, आणि गरमातली थरथर प्रमाण कमी झाल्याची खूण. धागाकर्त्याकडे दोन्ही आहेत.

सीएनजीवाल्यांना हे जास्त का होतं तेही यातच आहे. गाडी दिवसभर गॅसवर, पेट्रोलचे इंजेक्टर बंद आणि तापलेल्या इंजिनावर नुसते बसून. टोकाला चिकटलेला थेंब तिथेच आटतो आणि थर चढतो.

शेवपुराण
दंडवत. आता शेव खाताना ट्रिम आठवेल.

पुणे३०
इंदूरकरांनी इंजेक्टरमध्येही शेव घातलीच.

राऊची_हवा
जिरावण मागाहून भुरभुरू.

महूकडचा
अवांतर विचारतो, डिझेलवाल्यांनी यातलं काय घ्यायचं आणि काय नाही? कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल), गरम असताना सेल्फ लांब मारावा लागतो, थंडीत पटकन लागते.

डिझेलदादा
वरचं जवळपास काहीच घ्यायचं नाही, आणि हे जीव वाचवण्यासाठी सांगतोय. जुन्या पंपाच्या गाडीत नोझलचा नट सैल करून कोणता सिलिंडर मेला ते बघायचे. कॉमन रेलवर तो प्रकार बंद. आयडललाच २५०-३०० बार दाब असतो आणि पूर्ण भारावर १६०० किंवा त्याहून वर. त्या दाबाची बारीक धार हातमोज्यासकट कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते पण आत डिझेल पसरलेलं असतं, लगेच शस्त्रक्रिया लागते. गळती शोधायला पुठ्ठा फिरवा, हात नाही.

तुमचं लक्षण इंजेक्टरच्या रिटर्नचं आहे. आतला व्हॉल्व्ह झिजला की डिझेल परतीच्या नळीतून निसटतं. गरम डिझेल पातळ, म्हणून गरमात जास्त निसटतं आणि सेल्फच्या वेगात पंपाला रेलचा दाब चढवता येत नाही. सुरू व्हायला साधारण २०० बारच्या आसपास दाब लागतो. सेल्फ मारताना स्कॅनरवर तो आकडा बघा. अडकून बसला तर चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून एकसारख्या मापाच्या चार बाटल्यांत सोडा, मूळ रिटर्नचं तोंड बंद करा, दोन-तीन मिनिटं आयडल. एकाची बाटली इतरांच्या दुपटी-तिपटीने भरली तर तो तुमचा चोर. चौघंही सारखेच जास्त असतील तर चौघंही म्हातारे. चौघंही कमी आणि तरी दाब चढत नसेल तर इंजेक्टर सोडा, हाय प्रेशर पंप आणि दाब ठरवणारा व्हॉल्व्ह बघा.

ओहमही वेगळे. सोलेनॉइडचा (तारेच्या वेटोळ्याने उघडणारा) डिझेल इंजेक्टर अर्ध्या ओहमच्या आसपास असतो, साध्या मीटरच्या वायरीच तेवढा विरोध दाखवतात, म्हणून आधी दोन प्रोब एकमेकांना लावून तो आकडा वजा करा. पिझो (विद्युतभाराने लांबणाऱ्या स्फटिकाचा) असेल तर दीड-दोनशे किलोओहम. आणि पिझोचा कपलर इंजिन चालू असताना कधीही ओढायचा नाही. तो उघडा असतानाच विद्युतभार आत अडकला तर उघडाच राहतो आणि डिझेल ओतत सुटतो.

बदलला तर त्यावर छापलेला कोड ईसीएममध्ये भरावाच लागतो, बॉशचा असेल तर आयएमए, डेल्फीचा असेल तर सी२आय. खालचा तांब्याचा वॉशर दर वेळी नवा, बैठक स्वच्छ घासून. तो वॉशर गळू लागला की इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो आणि चफ-चफ आवाज येतो. त्याला लोक इंजेक्टर गेला समजून बदलतात, आणि नव्याखाली जुनाच वॉशर घालतात.

महूकडचा
बाटल्या शोधतो. वाचनखूण साठवली.

पुणे३०
आणि ज्यांची गाडी डायरेक्ट इंजेक्शन (सरळ सिलिंडरात फवारणारी) पेट्रोल, टर्बोवाली?

डिझेलदादा
ती पेट्रोलच्या वेशातली डिझेल समजा. दाब शंभर-दोनशे बारचा, इंजेक्टर दीड-दोन ओहमचा, टोकाला टेफ्लॉनची सील जी बसवायला वेगळा साचा लागतो. घरच्या पान्यांनी हात लावू नये.

जुन्या_पंपाचा
मूळ धाग्याकडे या. त्यांना बाटलीतलं क्लीनर टाकून बघा म्हणावं. सगळ्यात स्वस्त.

दहाचा_पाना
टाकू द्या, पण अपेक्षा किती ठेवायची ते कळू द्या. पॉलिइथरअमाइन असलेलं क्लीनर हलका थर उतरवतं, खोटं नाही. मात्र त्यासाठी पेट्रोल इंजेक्टरमधून वाहायला हवं. धागाकर्ते दिवसाचे दोन किलोमीटर पेट्रोलवर चालवत असतील तर बाटली टाकीत झोपून राहील. टाकायची असेल तर ती टाकी पूर्ण पेट्रोलवरच संपवा. सुई अडकली असेल किंवा आतली जाळी भरली असेल तर बाटलीने काही होत नाही.

बेंचवाला
आणि यूट्यूब बघून नऊ व्होल्टची बॅटरी आणि कार्बोरेटर क्लीनरचा डबा घेऊन स्वयंपाकघरात बसू नका. त्या वाफेला एक ठिणगी पुरते. टाचणीने भोक उकरणं तर त्याहून वाईट, फवारा कायमचा गेला.

काढायचेच झाले तर: इंजिन थंड, बॉनेटखालच्या खोक्यातला फ्युएल पंपाचा रिले काढा, इंजिन सुरू करून आपोआप बंद पडू द्या, दोनदा सेल्फ मारा, मग बॅटरीची निगेटिव्ह. आता रेल उघडा, खाली फडकं. प्रत्येक इंजेक्टरवर मार्करने नंबर. एक नंबर टायमिंग चेनच्या बाजूचा असतो, बहुतेक गाड्यांत. नंबर टाकले नाहीत तर बेंचवरच्या (इंजेक्टर तपासायच्या यंत्रावरच्या) आकड्यांचा काही उपयोग नाही.

बेंचवर तीन गोष्टी मागा, आणि साफ करण्याआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा दोन्ही लिहून मागा. एक, ठरलेल्या वेळेत चौघांनी किती मिली सोडलं, फरक ५ टक्क्यांच्या आत हवा. दोन, फवारा, तिथे उभं राहून डोळ्यांनी बघा. तीन, दाबाखाली बंद असताना गळती. बऱ्याच मॅन्युअलमध्ये मिनिटाला एका थेंबाहून कमी अशी मर्यादा असते. अल्ट्रासॉनिकच्या भांड्यात फक्त टोक बुडवायचं आणि त्याच वेळी इंजेक्टर उघड-बंद होत राहिला पाहिजे. नुसता बुडवून ठेवला तर आत काही साफ होत नाही, बाहेरून चकाकतो.

मीटरबाई
एक पायरी राहिली: रेलचा दाब. दाबच कमी असेल तर चौघंही उपाशी आणि इंजेक्टर बिचारे निष्कारण बदनाम. या प्रकारच्या गाड्यांत तो ३ ते ४ बार, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलचा. रेलवर व्हॉल्व्ह नसेल तर नळीत टी लावून गेज बसवावं लागतं. इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांत दाब भराभर उतरला तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर. कोण ते शोधायला रेलकडची नळी चिमट्याने दाबा: तरीही उतरला तर इंजेक्टर, थांबला तर पंप.

डिझेलदादा
त्या प्लॅस्टिकच्या नळीला चिमटा लावू नका ताई. रबरी तुकडा असेल तिथेच. कडक नायलॉनला चीर गेली तर पेट्रोल सरळ तापलेल्या इंजिनावर.

मीटरबाई
बरोबर. चूक दुरुस्त. नायलॉन असेल तर टी-सोबत बंद करायची चावी असलेलं गेज घ्या.

सुदामानगरकर
सगळ्यांचे आभार. आकडे देतो.

ओहम थंड इंजिनावर: १२.६, १२.८, १२.६, १२.७. कपलर साफ करून बसवला, तीन सकाळी फरक नाही. दाब ३.५ बार, दहा मिनिटांनी ३.२. दोन आणि चार नंबरची अदलाबदल नव्या ओ-रिंगांसह केली: दुसऱ्या सकाळी पी०३०४. म्हणून चारही बेंचवर दिले.

साफ करण्याआधी: ६१, ४७, ६०, ६१ मिली. दोन नंबरचा फवारा एका बाजूला धारेसारखा. गळती कोणाचीच नाही. साफ केल्यावर: ६१, ५९, ६१, ६२. फवारा चौघांचा सारखा.

मीटरबाई
४७ म्हणजे बाकी तिघांच्या सरासरीपेक्षा साडेबावीस टक्के कमी. पोहे वाचले. आता ५९ आणि ६२ मधला फरक ५ टक्क्यांच्या काठावर आहे, पण आत आहे. जुने ट्रिम स्कॅनरने पुसा आणि पेट्रोलवरच पन्नासेक किलोमीटर वेगवेगळ्या वेगाने चालवा, म्हणजे ईसीएम नव्याने शिकेल.

सुदामानगरकर
पुसले, खंडवा रोडने सिमरोलपर्यंत दोनदा जाऊन-येऊन पेट्रोलवर चालवली. आता आयडलला +४, २५०० वर +४. सकाळची मिसिंग नाही, कोड नाही.

बेंचवाला
ते चार ई२०चे, त्यांना हात लावू नका. आठवड्यातून एकदा वीसेक किलोमीटर पेट्रोलवर चालवा आणि टाकी रिझर्व्हवर ठेवायची सवय सोडा. पंप पेट्रोलनेच थंड राहतो आणि तळाचा गाळही तोच आधी ओढतो. चारही साफ करताना वरच्या जाळ्या नवीन टाकल्या ना?

सुदामानगरकर
हो, चारही. जुनी दोन नंबरची जाळी तपकिरी झाली होती.

राऊची_हवा
म्हणजे वर्कशॉप चार इंजेक्टर म्हणालं आणि निघाल्या चार ओ-रिंगा.

सुदामानगरकर
आठ. वरच्या चार, खालच्या चार. आणि अदलाबदलीच्या वेळी टाकलेल्या चार धरल्या तर बारा.